इंग्रजी अध्यापक, जपानमधील परदेशी

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा किंवा शिक्षणाची भाषा आहे, अशा परदेशी व्यक्तींनी काही काळ जपानमध्ये राहून तेथील शाळा, महाविद्यालये व खाजगी शिकवणीसंस्था यांतून ती भाषा शिकविण्याची प्रथा. या अध्यापकांपैकी थोडेच शिक्षणशास्त्राचे पदवीधर असतात. बहुसंख्यांचा मूळ हेतू नवा देश पाहणे, तेथील लोकजीवनात काही वर्षे घालविणे हा असून अध्यापन हे त्याचे साधन असते. द्रव्यसाहाय्यावाचून दूरदेशी दीर्घकाळ राहण्याचा हा एक सुलभ मार्ग असल्यामुळे विसाव्या शतकात तो जगभर रूढ झाला. मॅक्सिमिलियन बर्लिट्‌झ याने १८७८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे स्थापन केलेल्या भाषाशाळेच्या शाखा यूरोपात पसरल्या, तेव्हा तरुण इंग्रजी भाषकांना तेथे सहज काम मिळू लागले. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस याने १९०४–०५ मध्ये पोला व त्रिएस्ते येथे अशाच शाळांतून शिकवून उपजीविका केली. तथापि या प्रथेचा सर्वांत दीर्घ, सलग व उद्‌बोधक इतिहास जपानमध्ये आढळतो. अध्यापक आणि प्रवासी या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र आल्या म्हणजे विद्यार्थ्यांना काय मिळते व काय मिळत नाही, हा प्रश्नही तेथेच अधिक स्पष्टपणे पुढे आलेला आहे.

प्रारंभ : तोकुगावा राजवटीच्या काळात जपानचा पश्चिमी जगाशी संबंध केवळ नागासाकी बंदरातील डच वखारीपुरता मर्यादित होता व दुभाष्यांनाही फक्त डच भाषा येत असे. १८०८ मध्ये ‘फेटन’ हे ब्रिटिश लढाऊ जहाज डच निशाण लावून नागासाकी बंदरात शिरले. या घटनेने सावध झालेल्या शासनाने पुढील वर्षी दुभाष्यांना इंग्रजी शिकण्याचा आदेश दिला. त्यांचा पहिला शिक्षक यान कॉक ब्लोमहोफ हा डच वखारीतील अधिकारी होता. अर्थात इंग्रजी ही त्याची स्वतःची भाषा नव्हती.

इंग्रजी मातृभाषा असलेला पहिला शिक्षक म्हणून रॅनल्ड मॅक्डॉनल्ड (१८२४–९४) याचे नाव घेतले जाते. त्याचे वडील हडसन्स बे कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश गृहस्थ, तर आई उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिनूक जमातीच्या प्रमुखाची कन्या होती. जपानविषयीच्या ओढीने तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी झाला आणि १८४८ मध्ये होक्काइडोच्या परिसरातील बेटांजवळ एका लहान होडीतून उतरून त्याने आपण जहाज फुटल्यामुळे आश्रयाला आल्याची बतावणी केली. परकीयांना प्रवेशबंदी असल्यामुळे त्याला पकडून नागासाकीस नेण्यात आले. तेथील नजरकैदेत १४ दुभाषे त्याच्याकडे इंग्रजी शिकण्यास येऊ लागले. ते मोठ्याने वाचीत व तो त्यांचे उच्चार सुधारी. एप्रिल १८४९ मध्ये ‘प्रेबल’ या अमेरिकन युद्धनौकेने त्याची सुटका केली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी मोरियामा एइनोसुके याने १८५४ मध्ये अमेरिकन नौसेनाधिकारी मॅथ्यू पेरी याच्याशी झालेल्या वाटाघाटींत प्रमुख दुभाष्याचे काम केले. देश पाहण्यासाठी आलेल्या आणि अध्यापनाचा कोणताही पूर्वानुभव नसलेल्या मनुष्याकडून घडलेले हे कार्य पुढील सर्व इतिहासाची जणू नांदीच ठरले.

मेजी कालखंड : विचारवंत फुकुझावा युकिची १८५९ मध्ये नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात गेला, तेव्हा वर्षानुवर्षे कष्टाने मिळविलेली आपली डच भाषा तेथे निरुपयोगी असल्याचे त्याच्या ध्यानात आले व त्याने इंग्रजीचा अभ्यास आरंभिला. व्यक्तीच्या जीवनातील हे स्थित्यंतर लवकरच राष्ट्राचे धोरण बनले. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर नव्या शासनाने जगभरातून ज्ञान मिळविण्याचे ध्येय जाहीर केले व त्यासाठी ठराविक मुदतीच्या करारावर परदेशी तज्ञ नेमले. त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’ (भाड्याने ठेवलेले परदेशी) अशी संज्ञा होती. १८७४–७५ च्या सुमारास शासकीय सेवेतील अशा परदेशीयांची संख्या पाचशेच्या वर गेली होती. त्यांत अभियंते, वैद्य, कायदेपंडित यांप्रमाणेच शिक्षकही होते. ग्वीदो व्हर्बेक याने प्रथम नागासाकी व नंतर टोकिओ येथे अध्यापन केले. विल्यम इलियट ग्रिफिस हा फुकुई या अंतर्भागातील गावी शिक्षक म्हणून गेला व परतल्यावर १८७६ मध्ये त्याने जपानवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विल्यम स्मिथ क्लार्क साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात १८७६–७७ मध्ये जेमतेम आठ महिने होता. त्या महाविद्यालयात बरेचसे शिक्षण इंग्रजीतून होत असे. नितोबे इनाझो व उचिमुरा कान्झो हे तेथील विद्यार्थी पुढे थेट इंग्रजीत ग्रंथ लिहिण्याइतके त्या भाषेत पारंगत झाले.

इंग्रजीचे हे आकर्षण इतके प्रबळ होते, की मोरी आरिनोरी या मुत्सद्द्याने १८७२ च्या सुमारास राष्ट्राची भाषा म्हणून इंग्रजीचाच स्वीकार करावा, असा विचार मांडला. ज्याच्याकडे त्याने सल्ला मागितला, तो अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम ड्‌वाइट व्हिटनी याने त्याला यापासून परावृत्त केले.

भारतातील तत्कालीन परिस्थितीशी या व्यवस्थेची तुलना उद्‌बोधक आहे. पुण्याच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयाचे (पुढील डेक्कन कॉलेजचे) प्राचार्यपद १८५७ च्या सुमारास भूषविणारे एडविन आर्नल्ड यांच्यासारखे विद्वान राज्यकर्त्यांच्या शिक्षणखात्याचे अधिकारी म्हणून येत. जपानमध्ये मात्र परदेशी शिक्षक यजमान राष्ट्राचा पगारी सेवक असे. त्याचे वेतन भरघोस होते, परंतु मुदत ठरलेली होती. त्याच्याकडून शिकून व परदेशी जाऊन आलेले जपानी पदवीधर तयार होताच त्याची जागा ते घेत. पाहुण्याचा सन्मान व पाहुण्याचीच अस्थिरता हे या पेशाचे दुहेरी लक्षण तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

लॅफ्काडिओ हर्न : (१८५०–१९०४). या प्रथेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ग्रीसमधील लेफ्कास बेटावर जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला व अमेरिकेत वृत्तपत्रकार म्हणून नावारूपास आलेला हर्न एप्रिल १८९० मध्ये प्रवासवर्णनपर लेखनासाठी योकोहामास उतरला. थोड्याच दिवसांत प्रकाशकांशी बिनसल्यामुळे तो निर्धन झाला. जपानी भाषेचा गाढा अभ्यासक बॅझिल हॉल चेंबरलिन याच्या साहाय्याने त्याला शिमाने प्रांतातील मात्सुए येथे माध्यमिक शाळेत व अध्यापनशाळेत दरमहा १०० येन वेतनावर इंग्रजी शिक्षकाचे काम मिळाले. त्या प्रांतात ही रक्कम फारच मोठी होती. निशिदा सेन्तारो या इंग्रजी जाणणाऱ्या सहकारी शिक्षकाने वर्गात व वर्गाबाहेर त्याचा हात धरला. आज ज्याला ‘संयुक्त अध्यापन’ म्हणतात, त्याचे बीज या स्नेहात दिसते. मात्सुए येथे हर्न सु. १५ महिनेच राहिला, परंतु तेथेच त्याने कोइझुमी सेत्सू हिच्याशी विवाह केला. पुढे कुमामोतो व कोबे येथे काही वर्षे काढून १८९६ मध्ये तो कोइझुमी याकुमो या नावाने जपानचा नागरिक झाला व त्याच वर्षी टोकिओच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला.

हर्नला जपानी भाषा अखेरपर्यंत चांगली अवगत झाली नाही. मोडक्यातोडक्या घरगुती बोलीत पत्नीने सांगितलेल्या जुन्या कथा त्याने इंग्रजीत उतरविल्या व त्यांपैकी काही त्याच्या मृत्यूच्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याचा करार पुढे चालविला नाही. विद्यार्थ्यांनी याविरुद्ध आवाज उठविला, तथापि निर्णय बदलला नाही. त्याच्या जागी आलेल्या अध्यापकांत लंडनहून नुकताच परतलेला नात्सुमे सोसेकी हा होता. हा स्वतः पूर्वी मात्सुयामा व कुमामोतो येथे इंग्रजीचा शिक्षक होता व पुढे आधुनिक जपानचा श्रेष्ठ कादंबरीकार ठरला. नागरिकत्व पतकरलेला, विद्यार्थिप्रिय असा शिक्षकसुद्धा बदलता येण्याजोगा मानला जातो, हे हर्नच्या उदाहरणातून दिसून येते. त्याचबरोबर परदेशी शिक्षकाचे स्थान घेण्यास समर्थ असा देशी विद्वान निर्माण होणे, हेच त्या व्यवस्थेचे उद्दिष्ट होते, हेही विसरता येत नाही.

पामर व हॉर्नबी : प्रवासासाठी सुरू केलेल्या अध्यापनातून शास्त्र कसे उदयास येते, याची उदाहरणे म्हणजे हॅरल्ड पामर (१८७७–१९४९) व ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) हे दोन इंग्रज अध्यापक होत. पामर १९०२ मध्ये बेल्जियममधील व्हर्व्ह्ये येथे बर्लिट्‌झ पद्धतीच्या शाळेत शिक्षक म्हणून गेला. कोणतेही औपचारिक प्रशिक्षण नसताना वर्गातील अनुभवावरून त्याने भाषाध्यापनाची तत्त्वे शोधली. पहिल्या महायुद्धामुळे त्याला बेल्जियम सोडावे लागले. १९२२ मध्ये तो जपानी शिक्षणखात्याचा सल्लागार म्हणून टोकिओस आला. पुढील वर्षी तेथे इंग्रजी अध्यापन संशोधन संस्था स्थापन झाली व १९३६ पर्यंत त्याने तिचे नेतृत्व केले. जपानी शाळांत ‘याकुदोकु’ म्हणजे वाक्याचे शब्दशः भाषांतर करून अर्थ लावण्याची पद्धत रूढ होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकांस तिचे स्वरूप सहज कळेल. पामरने तिच्याऐवजी ऐकणे व बोलणे यांस अग्रक्रम दिला आणि सोप्या वाचनासाठी निवडक शब्दांच्या याद्या केल्या. याच सुमारास बंगालमध्ये मायकेल वेस्ट हा शिक्षणाधिकारी मर्यादित शब्दसंख्येची वाचनपुस्तके तयार करीत होता. टोकिओ व बंगाल येथील या दोन प्रयत्नांतून इंग्रजीच्या नियंत्रित शब्दसंग्रहाची संकल्पना दृढ झाली व वेस्टने संपादिलेली सर्वोपयोगी शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

हॉर्नबी हा क्यूशू बेटावरील ओइता येथील वाणिज्य विद्यालयात साहित्य शिकविण्यासाठी आला होता. विद्यार्थ्यांना साहित्यापूर्वी भाषेची गरज आहे, हे लक्षात आल्यावर तो पामरच्या संशोधनाकडे वळला. कोणत्या इंग्रजी क्रियापदापुढे कोणती वाक्यरचना येते, कोणते नाम अनेकवचनी होत नाही, यांसारख्या बाबी मातृभाषकास शिकवाव्या लागत नाहीत. म्हणून पूर्वीच्या कोशांत त्या नसत. परकी विद्यार्थ्यांची अडचण ओळखून हॉर्नबीने सहकाऱ्यांसह त्या देणारा कोश रचला. १९४१ च्या अखेरीस युद्ध भडकताच तो स्थानबद्ध झाला व १९४२ मध्ये मायदेशी परतला. त्याच वर्षी हा कोश टोकिओत छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो पुन्हा प्रसिद्ध केला. भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरलेला ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश तो हाच होय. एडमंड ब्लंडेन (१९२४–२७) व विल्यम एम्पसन (१९३१–३४) या इंग्रज कवींनीही टोकिओमध्ये अध्यापन केले.

युद्धोत्तर काळ व जेट योजना : युद्धकाळात इंग्रजी ही शत्रूची भाषा मानली गेली व शाळांतील तिचे तास कमी झाले. १९४५ नंतर अमेरिकन सैन्याच्या वास्तव्यात परिस्थिती एकदम पालटली. १९४६ मध्ये सुरू झालेले नभोवाणीवरील इंग्रजी संभाषणाचे पाठ घरोघरी ऐकले जाऊ लागले. १९४७ च्या शिक्षणपुनर्रचनेनंतर बहुतेक सर्व विद्यार्थी माध्यमिक शाळेत इंग्रजी घेऊ लागले. तथापि प्रवेशपरीक्षांत व्याकरण व भाषांतर यांवरच भर असल्यामुळे वर्षानुवर्षे शिकूनही इंग्रजी बोलता येत नाही, ही तक्रार कायम राहिली.

या तक्रारीवर उपाय म्हणून शासनाने १९७७ व १९७८ मध्ये अनुक्रमे अमेरिकन व ब्रिटिश पदवीधरांना शाळांत आणण्याच्या दोन लहान योजना सुरू केल्या. त्या एकत्र करून १९८७ मध्ये ‘जपान विनिमय व अध्यापन योजना’ (जेट) सुरू झाली. व्यापारातील आधिक्यामुळे जपानवर त्या वेळी विशेषतः अमेरिकेतून टीका होत होती. देशाचे दरवाजे परदेशीयांना खुले आहेत हे दाखविणे, हाही योजनेचा एक हेतू होता. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या ४ देशांतील ८४८ जण आले. २००२ मध्ये ही संख्या ६,००० च्या वर गेली. अलीकडील वर्षांत ती सु. ५,८०० असून सहभागी देश सु. ५० आहेत. निवड उमेदवाराच्या देशातील जपानी वकिलातीमार्फत होते. कोणत्याही विषयाची पदवी पुरते. अध्यापनाचा परवाना किंवा जपानीचे ज्ञान साहाय्यक अध्यापकास आवश्यक नसते. करार एका वर्षाचा असून तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढविता येतो. २०१२ पासून पहिल्या वर्षाचे वेतन ३३ लक्ष ६० हजार येन ठरविण्यात आले होते व नंतर त्यात वाढ झाली. जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते; मात्र नेमणुकीचे गाव निवडता येत नाही. अनेकांच्या वाट्याला डोंगरातील किंवा बेटावरील लहान गाव येते व तेथे तो एकटाच परदेशी असतो.

नव्वद टक्क्यांहून अधिक सहभागी व्यक्ती साहाय्यक भाषाध्यापक असतात. कायद्याने वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाची असते व साहाय्यकाने त्याच्यासमवेत शिकवावे, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात कार्याचे स्वरूप शाळेगणिक बदलते. एके ठिकाणी साहाय्यक पाठाची संपूर्ण आखणी करतो, तर दुसऱ्या ठिकाणी धडा मोठ्याने वाचून दाखविण्यापलीकडे त्याला काम नसते. एकाच आठवड्यात चार-पाच शाळांना भेटी देणे, मुलांबरोबर दुपारचे भोजन घेणे, शाळेच्या साफसफाईत भाग घेणे हेही त्याच्या दिनक्रमात येते. २०११ मध्ये प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजीचे उपक्रम अनिवार्य झाले. २०२० पासून ते तिसरीपासून सुरू होतात व पाचवी-सहावीत इंग्रजी हा स्वतंत्र विषय आहे. त्यामुळे साहाय्यकांची मागणी वाढली. हे अध्यापक गावजीवनाशी किती एकरूप होतात, हे ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीच्या वेळी प्रत्ययास आले. ईशान्य किनाऱ्यावर सेवेत असलेल्या दोन तरुण अमेरिकन साहाय्यकांचा त्या आपत्तीत मृत्यू झाला. अन्य कित्येक जण सुटकेची संधी असूनही मदतकार्यासाठी आपल्या गावीच राहिले.

खाजगी संस्था : शासकीय योजनेबाहेरील अध्यापकांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. पहिला वर्ग ‘एइकाइवा’ म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खाजगी शाळांतील शिक्षकांचा. १९७० नंतर या शाळा झपाट्याने वाढल्या. रेल्वेस्थानकाजवळच्या इमारतीत संध्याकाळी व सुटीच्या दिवशी नोकरदार, गृहिणी व मुले यांचे छोटे वर्ग भरतात. दुसरा वर्ग पुरवठादार कंपन्यांमार्फत शासकीय शाळांत पाठविल्या जाणाऱ्या साहाय्यकांचा. जेट योजनेतील अध्यापकांपेक्षा अशा व इतर मार्गांनी नेमलेल्या साहाय्यकांची संख्या आता पुष्कळच मोठी आहे. कंत्राटी पद्धतीने कंपनीकडून सेवा घेतल्यास शाळेतील शिक्षकाने साहाय्यकास थेट सूचना देणे कामगार कायद्यात बसत नाही. त्यामुळे एकाच वर्गात उभे राहून संयुक्तपणे शिकविणाऱ्या दोघांनी एकमेकांशी पाठाविषयी कितपत बोलावे, असा विचित्र पेच उद्‌भवतो. आठवड्याचे काम साडेएकोणतीस तासांचे दाखवून आरोग्यविमा व निवृत्तिवेतन यांतील मालकाचा वाटा टाळण्याची प्रथाही दीर्घकाळ चालली.

या क्षेत्रातील सर्वांत मोठा आघात ऑक्टोबर २००७ मध्ये झाला. १९८१ मध्ये ओसाका येथे सुरू झालेली व देशातील सर्वांत मोठी असलेली नोव्हा ही संभाषणशाळांची कंपनी दिवाळखोरीत निघाली. सु. चार हजार परदेशी शिक्षकांचे वेतन थकले, तर आगाऊ शुल्क भरलेल्या लक्षावधी विद्यार्थ्यांचे पैसे अडकले. शिक्षकांची निवासस्थाने कंपनीमार्फत घेतलेली असल्यामुळे नोकरीबरोबर छप्परही जाण्याची वेळ अनेकांवर आली. कामगार संघटनांनी पूर्वीच्या विद्यार्थ्यांना आवाहन करून जेवणाच्या मोबदल्यात धडे देण्याची योजना चालविली. नोकरी, घर व देशातील वास्तव्याचा अधिकार ही तिन्ही एकाच मालकाच्या हाती असणे किती धोक्याचे आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

पात्रता, परवाना व खर्च : जपानमध्ये इंग्रजी शिकविण्यासाठी काम करण्याची मुभा देणारा निवासपरवाना लागतो. पर्यटकाच्या परवान्यावर वेतन घेऊन शिकविणे बेकायदेशीर आहे. शाळांतील अध्यापनासाठी ‘शिक्षक’ वर्गाचा, तर खाजगी संस्थांसाठी ‘अभियंता, मानव्यविद्यातज्ञ व आंतरराष्ट्रीय सेवा’ या वर्गाचा परवाना असतो. पदवी ही सर्वसाधारण अट आहे. शाळेत परकी भाषा शिकवावयाची असल्यास उमेदवाराने त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. काही देशांच्या तरुणांना सुटी व काम यांची एकत्र मुभा देणारा परवाना मिळतो. असा पहिला करार जपानने १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाशी केला. भारताशी असा करार झालेला नाही. नोकरी बदलल्यास चौदा दिवसांत शासनास कळवावे लागते. सबळ कारणाशिवाय तीन महिने संबंधित काम न केल्यास परवाना रद्द होऊ शकतो.

व्यावसायिक पूर्वतयारीसाठी अनेक उमेदवार लघुप्रशिक्षण घेतात. जॉन हेक्रॉफ्ट याने १९६२ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमातून आजचे केंब्रिजचे प्रमाणपत्र विकसित झाले. त्यात सु. चार आठवड्यांचे, किमान १२० तासांचे शिक्षण व सहा तासांचे निरीक्षित अध्यापन असते. केवळ घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांत प्रत्यक्ष विद्यार्थी समोर नसल्यामुळे त्यांची किंमत मर्यादित राहते.

आर्थिक दृष्ट्या पहिले दोन महिने कठीण असतात. पहिला पगार महिन्याच्या अखेरीस अथवा त्याहूनही उशिरा मिळतो, तर घर भाड्याने घेताना अनामत, घरमालकास द्यावयाची परत न मिळणारी रक्कम, दलाली व हमीदार यांची व्यवस्था आधी करावी लागते. म्हणून निदान दोन महिन्यांच्या खर्चाची तरतूद बरोबर असणे इष्ट ठरते. देश सोडताना भरलेल्या निवृत्तिवेतन वर्गणीपैकी काही रक्कम एकरकमी परत मागता येते. त्यासाठीचा अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. वेतनाचे निम्मे मूल्य अशा हक्कांत असते व करारावर सही करण्यापूर्वी विमा, रजा, निवास व करारसमाप्ती यांविषयीची कलमे पाहणे हे वेतनाचा आकडा पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे, असे अनुभवी अध्यापक सांगतात.

चिकित्सा : या प्रथेवर दोन बाजूंनी टीका झाली आहे. अमेरिकन लेखक डग्लस लमिस याने १९७६ मध्ये, जपानमधील इंग्रजी संभाषण हे भाषाशिक्षण नसून गौरवर्णीय अमेरिकन जीवनाविषयीचे एक स्वप्न आहे, अशा आशयाचे विवेचन केले. मातृभाषक हाच उत्तम शिक्षक, ही समजूत निराधार असल्याचे रॉबर्ट फिलिप्सन याने १९९२ मधील आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. ज्याने ती भाषा स्वतः कष्टाने शिकली, त्याला विद्यार्थ्याच्या चुकांचे मूळ अधिक चांगले समजते, असा त्याचा युक्तिवाद आहे. भारतीय भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या विस्ताराची तीन वर्तुळे मांडून भारतासारख्या देशांतील इंग्रजीसही स्वतःचे प्रमाण असते, हा विचार दृढ केला. दुसऱ्या बाजूने, दरवर्षी बदलणाऱ्या अननुभवी पदवीधरांमुळे मुलांच्या शिक्षणात सातत्य राहत नाही, अशी जपानी शिक्षकांची तक्रार असते.

याउलट या अध्यापकांमुळे दूरच्या खेड्यातील मुलास परकी माणसाशी बोलण्याची भीती वाटेनाशी होते, तसेच परतलेल्या तरुणांतून जपानी साहित्याचे अनुवादक, अभ्यासक व मुत्सद्दी निर्माण होतात, हे लाभही मान्य केले जातात. एकंदरीत, प्रवासाची ओढ हा दोष नाही. ती ओढ असणारा मनुष्य वर्गात पूर्वतयारीने जातो की नाही आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या देशी शिक्षकास पुरेसा अधिकार व वेळ मिळतो की नाही, यांवर परिणाम अवलंबून असतो.

भारतीय अध्यापक : भारतीयांच्या बाबतीत पारपत्र, उच्चार व वर्ण यांविषयीचे पूर्वग्रह हा प्रमुख अडथळा ठरतो. शेजारच्या दक्षिण कोरियात इंग्रजी शिकविण्याचा परवाना सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांस मिळतो. भारताशी झालेल्या व २०१० पासून अंमलात आलेल्या आर्थिक भागीदारी कराराने पात्रताधारक भारतीयांना साहाय्यक अध्यापकाची मर्यादित वाट खुली झाली. जपानमध्ये अशी देशांची यादी नाही. मात्र बारा वर्षांच्या माध्यमाची अट लागू होते. यामुळे महाराष्ट्रातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेला सामान्य पदवीधर शालेय अध्यापनास पात्र ठरू शकतो, तर मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत पदव्युत्तर पदवी मिळविलेला व अनेक वर्षे शिकविलेला अध्यापक त्या अटीत बसत नाही. भाषेचे प्रभुत्व व भाषेतून झालेले शालेय शिक्षण या दोहोंत नियम भेद करीत नाही, हा त्यातील उणेपणा होय.

तरीही चित्र हळूहळू बदलत आहे. टोकिओतील एदोगावा विभागात भारतीयांची मोठी वस्ती असून २००४ नंतर टोकिओत सुरू झालेल्या भारतीय शाळांत काही जपानी पालकही इंग्रजी व गणित यांसाठी आपली मुले घालतात. मूळचे महाराष्ट्रातील व पुढे जपानचे नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक हे २०१९ मध्ये एदोगावाच्या स्थानिक विधिमंडळावर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातील एका सार्वजनिक उच्च माध्यमिक शाळेचे प्राचार्य झाले. नजरकैदेत दुभाष्यांना शिकविणाऱ्या मॅक्डॉनल्डपासून जपानी शाळेचे प्रमुखपद भूषविणाऱ्या परदेशी जन्माच्या शिक्षणप्रशासकापर्यंतचा हा पाऊणेदोनशे वर्षांचा प्रवास आहे. परदेशी शिक्षक हा नेहमी पाहुणाच राहील की शाळेच्या घरचा होईल, हा त्यातून उरलेला प्रश्न जपानी समाजापुढे आजही आहे.